दोन रेणूंमधला सांधा

मुंबईत सदाफुली मुद्दाम लावावी लागत नाही. चाळीच्या गॅलरीतल्या डब्यात, सोसायटीच्या भिंतीच्या फटीत, रुळांलगतच्या खडीत ती आपसूक उगवते आणि बारा महिने फुलते. वनस्पतीज रेणूंपासून कर्करोगावरची नवी हायब्रिड औषधं (दोन रेणू जोडून केलेली) घडवायची असतील तर पहिला धडा तिच्या पानातच आहे, असं मला वाटतं.

या पानात कॅथरँथिन आणि विन्डोलिन नावाची दोन अल्कलॉइडं (वनस्पतीत बनणारी नायट्रोजनयुक्त संयुगं) असतात. पहिल्याचा रेणुभार ३३६, दुसऱ्याचा ४५६. सुटी घेतली तर कर्करोगाच्या पेशींवर दोघांचाही म्हणावा तसा परिणाम होत नाही. ती एकमेकांना जोडली गेली आणि त्यात पाण्याच्या एका रेणूइतकी भर पडली, की ८११ रेणुभाराचं विनब्लास्टिन तयार होतं. पेशी दुभंगताना गुणसूत्रं दोन्हीकडे ओढणाऱ्या सूक्ष्मनलिका हे विनब्लास्टिन उभ्याच राहू देत नाही. दोन निष्प्रभ अर्ध्यांमधून एक जबरदस्त औषध! वनस्पतीने स्वतः बनवलेला हा हायब्रिड रेणू आहे.

मग ते पानात इतकं कमी का मिळतं? १ ग्रॅम विनब्लास्टिनसाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पानं लागतात, आणि याच पानातल्या विनक्रिस्टिन या दुसऱ्या औषधासाठी त्याच्या चौपट. २०१० साली याचं मोठं कारण उजेडात आलं. कॅथरँथिन पानाच्या पृष्ठभागावरच्या मेणचट थरात साठतं आणि विन्डोलिन आतल्या पेशींमध्ये. एकाच पानात, पण दोघांची गाठ क्वचितच पडते. म्हणूनच दोन्ही अर्धे वेगवेगळे काढून प्रयोगशाळेत जोडण्याचा मार्ग महत्त्वाचा ठरला. त्यातही सुरुवातीला रसायनशास्त्रज्ञांना चांगलाच फटका बसला. जोड जमत होती, रेणुभार बरोबर येत होता, पण सांध्यापाशी दिशा उलटी पडत होती आणि त्या रेणूत औषधी गुण नव्हता. १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये पिएर पोतिए यांच्या गटाने वेगळी अभिक्रिया वापरली, तापमान बरंच खाली ठेवलं, तेव्हा नैसर्गिक दिशा साधली. त्याच वाटेवर पुढे विनोरेलबिन हे औषध मिळालं.

विनक्रिस्टिन आणि विनब्लास्टिन यांच्यात फरक किती? विन्डोलिनच्या बाजूच्या एका नायट्रोजनवर मिथाइलऐवजी फॉर्माइल गट, बस. पण विनब्लास्टिनचा जाच अस्थिमज्जेला होतो आणि विनक्रिस्टिनचा मज्जातंतूंना. आणि इथेच एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सदाफुलीच्या पानांचा काढा हा कर्करोगावर उपाय नाही. विनक्रिस्टिनची मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १.४ मिलिग्रॅम अशी मोजून, सहसा २ मिलिग्रॅमच्या वर न जाता, शिरेतून देतात. पानात शंभराहून अधिक अल्कलॉइडं असतात, आणि काढ्यात कुठलं किती उतरलं हे कुणीच सांगू शकत नाही. घरातल्या रुग्णाच्या काळजीपोटी माणसं असे काढे देतात, म्हणून हे कळकळीने लिहितो आहे.

महाराष्ट्राचं या विषयाशी नातं जुनं आहे. मनसुख वाणी मूळचे नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. अमेरिकेत मन्रो वॉल यांच्यासोबत त्यांनी १९६६ साली एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी संयुग वेगळं केलं आणि १९७१ साली टॅक्सॉल या दुसऱ्या कर्करोगविरोधी रेणूची रचना मांडली. १९७२ साली गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातून गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी तेच कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात सापडल्याचं प्रसिद्ध केलं. पुढे नरक्याची चोरटी तोड इतकी झाली की त्याच्या लाकडाच्या ढलप्या पकडल्याच्या बातम्या अजून येतात. म्हणून जंगलातून आणलेल्या मालावर संशोधन उभं करायचं असेल तर वनखात्याची परवानगी आणि जैवविविधता कायद्याची कागदपत्रं आधी. शिवाय झाडाची ओळख पक्की हवी: फुलाफळासकट नमुना दाबून, वाळवून सेंट झेवियर्स कॉलेजच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) नेऊन तपासून घ्यावा आणि त्याचा क्रमांक वहीत लिहावा. बाजारातून ‘अमुक मुळी’ म्हणून आणलेल्या पुडीत काय निघेल याचा भरवसा नाही, आणि नंतरचं सगळं काम त्या पुडीवर उभं असतं.

कॅम्प्टोथेसिन दुसरा धडा देतं: रेणूला हात कुठे लावायचा. त्याच्या टोकाला लॅक्टोनचं एक कडं आहे. रक्ताच्या ७.४ पीएचला ते उघडतं आणि औषध निकामी होतं. पाण्यात विरघळावं म्हणून मुद्दाम कडं उघडून केलेला सोडियम क्षार १९७० च्या सुमारास रुग्णांवर तपासला गेला. गुण थोडा आला, पण मूत्राशयातून रक्तस्राव आणि अस्थिमज्जेची हानी झाल्याने काम थांबलं. कडं शाबूत ठेवून दुसऱ्या टोकाला बदल केलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान १९९६ साली अमेरिकेत मान्य झाली. प्रत्येक नैसर्गिक रेणूत अशी एक बाजू असते जिला धक्का लावायचा नाही आणि एक बाजू असते जिथे काही टांगता येतं. हे आधी कागदावर ठरवावं. कळलावीतल्या कोल्चिसिनमध्ये सातव्या कार्बनवरचा अमाइड पुष्कळ बदल खपवून घेतो. हळदीतल्या करक्युमिनमध्ये फिनॉलचे दोन हात आहेत, पण मधला डायकिटोन हाच त्याचा कच्चा दुवा आहे: सीरम नसलेल्या ७.२ पीएचच्या द्रावणात, ३७ अंशांना, अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के करक्युमिन मोडून जातं.

आता एक जोडणी हातात घेऊन पाहू. तुळशीत मिळणारं अर्सोलिक आम्ल आणि हिमालयातल्या वनककडीतलं पोडोफायलोटॉक्सिन. पहिल्याला प्रोपार्जिल एस्टरचा हात द्यायचा, दुसऱ्याच्या चौथ्या कार्बनवर अझाइड आणायचा, आणि तांब्याच्या साक्षीने दोन्ही टोकं ट्रायझोलच्या कड्यात बांधायची. हीच ती ‘क्लिक’ अभिक्रिया, जिच्यासाठी २०२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल दिलं गेलं.

१ मिलीमोल, म्हणजे ४५७ मिलिग्रॅम अर्सोलिक आम्ल ५ मिली डीएमएफ या द्रावकात घ्या. २७६ मिलिग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट घाला, अर्धा तास ढवळा, मग दीड मिलीमोल प्रोपार्जिल ब्रोमाइड (टोल्युइनमधलं ८० टक्क्यांचं द्रावण मिळतं) थेंबथेंब सोडा. साध्या तापमानाला रात्रभर ठेवा. टीएलसी (अभिक्रिया कुठवर आली ते ठिपक्यांवरून दाखवणारी प्लेट) मारताना ध्यानात ठेवा की अर्सोलिक आम्ल यूव्ही दिव्याखाली दिसतच नाही. प्लेट कोरी दिसते आणि नवखा विद्यार्थी समजतो की माल संपला. ॲनिसाल्डिहाइड आणि सल्फ्युरिक आम्लाचा फवारा मारून प्लेट तापवली की जांभळा ठिपका उमटतो. मग अभिक्रियेचं मिश्रण थंड पाण्यात ओतून इथाइल ॲसिटेटने काढा, डीएमएफ जाईपर्यंत मिठाच्या पाण्याने तीनचार वेळा धुवा, कॉलम चालवा (म्हणजे सिलिका भरलेल्या नळीतून शुद्ध करा).

इथे एक जुनं दुखणं आड येतं. अर्सोलिक आम्लासोबत बहुधा ओलियॅनोलिक आम्ल असतं. फरक एका मिथाइल गटाच्या जागेचा, आणि साध्या सिलिकावर दोघं हातात हात घालून चालतात. एनएमआरमध्ये (रेणूतल्या प्रोटॉनांची जागा दाखवणाऱ्या वर्णपटात) मात्र पकड मिळते. अठराव्या कार्बनवरचा प्रोटॉन अर्सोलिकमध्ये २.२ पीपीएमच्या आसपास ११ हर्ट्झचा डब्लेट (जुळं शिखर) देतो. ओलियॅनोलिकमध्ये तोच २.८ जवळ सरकतो. २.८ ला बारीकसा डोंगर दिसला तर पुढे जाऊ नका. मिश्रणाचा हायब्रिड म्हणजे दोन हायब्रिडांचं मिश्रण, आणि तो पुढे वेगळा करणं आणखी कठीण.

पोडोफायलोटॉक्सिनच्या बाजूला दोन धोके आहेत. त्याच्या लॅक्टोनच्या सांध्याची ट्रान्स रचना अल्कली आणि उष्णता मिळाली की उलटते आणि पिक्रोपोडोफायलिन होतं. ट्यूब्युलिनला, म्हणजे सूक्ष्मनलिका ज्याच्या बनतात त्या प्रथिनाला, ते जवळपास ओळखतच नाही. म्हणून वर वापरलेलं कार्बोनेट या अर्ध्याच्या वाट्याला येऊ द्यायचं नाही; पोटॅशियम कार्बोनेटची पायरी अर्सोलिकवरच उरकून, धुऊन, मग दोघांना एकत्र आणायचं. दुसरा धोका जिवाचा. अझाइड आणण्यासाठी वापरायचं सोडियम अझाइड आम्लात पडलं की हायड्राझोइक आम्लाचा विषारी आणि स्फोटक वायू सुटतो; डायक्लोरोमिथेनशी त्याची गाठ पडली तर स्फोटक डायअझिडोमिथेन होऊ शकतं. वर्कअपला (अभिक्रियेनंतर माल वेगळा करताना) डायक्लोरोमिथेन उचलायची सवय इथे घातक आहे. काम वायू ओढून घेणाऱ्या हूडमध्येच करा, धातूचा चमचा वापरू नका, आणि अझाइडचं पाणी सिंकमध्ये ओतू नका, कारण नळकांड्यांतल्या तांब्याशिशाशी त्याचे स्फोटक क्षार होतात.

मग क्लिक. ४९५ मिलिग्रॅम एस्टर, ४३९ मिलिग्रॅम अझाइड, टर्शरी ब्युटेनॉल आणि पाणी सम प्रमाणात, २५ मिलिग्रॅम मोरचूद, ४० मिलिग्रॅम सोडियम ॲस्कॉर्बेट. आधी मोरचूद, मग ॲस्कॉर्बेट. निळा रंग जाऊन पिवळसर झाला की तांबं योग्य अवस्थेत आलं. निळा परत आला तर हवेने ॲस्कॉर्बेट खाल्लंय, थोडं ताजं घाला. या अभिक्रियेला पाण्याचं वावडं नाही, आणि मुंबईच्या जुलैमध्ये हा मोठा दिलासा आहे. ईडीसी किंवा डीसीसी ही जोड लावणारी रसायनं वापरून अमाइड आणि एस्टर करणाऱ्यांचे पावसाळ्यात हाल होतात: बाटली दोनदा उघडली की ईडीसी चिकट होतं, सिलिका दमट होऊन कॉलमवर सगळे ठिपके एकत्र पळतात (११० अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवलेली सिलिका वापरावी), आणि पेशींवर टाकण्यासाठी डीएमएसओ या द्रावकात केलेली द्रावणं पाणी ओढून घेतात. अशा द्रावणातून तेलकट रेणू फ्रीजमध्ये गुपचूप खाली बसतो. वर उरलेलं पातळ द्रावण पेशींवर टाकायचं आणि ‘परिणाम नाही’ असं लिहायचं, हे फार ठिकाणी घडत असणार. छोट्या कुप्यांत वाटून ठेवणं आणि एकदा वितळवलेली कुपी परत न गोठवणं एवढाच त्याला उपाय.

अभिक्रिया झाली हे कसं ओळखायचं? अल्काइनचा २.४ जवळचा बारीक ट्रिप्लेट (तिहेरी शिखर) गेला, आयआर वर्णपटातली २१०० ची अझाइडची टोकदार रेघ गेली आणि ७.५ ते ८ च्या दरम्यान ट्रायझोलचा एकटा प्रोटॉन उभा राहिला, की जोड बसली. पण काम संपलेलं नाही, कारण तांबं अजून आत आहे. ट्रायझोल तांब्याला धरून ठेवतो आणि तांबं स्वतः पेशींना विष आहे. पांढऱ्या भुकटीला हिरवट झाक असेल तर ती ‘सक्रिय’ ठरण्याची शक्यता दांडगी. तांबं पकडणाऱ्या ईडीटीएच्या ५ टक्के द्रावणाने, पाण्याचा थर रंगहीन होईपर्यंत धुवा, आणि शक्य असेल तिथे उरलेलं तांबं आयसीपी-एमएस या धातूंचे अंश मोजणाऱ्या यंत्रावर मोजून घ्या. निदान तेवढ्याच तांब्याचं एक नियंत्रण (तुलनेसाठीचा नमुना) पेशींच्या प्लेटवर ठेवा.

आता पेशींची पाळी, आणि मला ज्याबद्दल सर्वांत जास्त बोलायचं आहे तो भाग. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरच्या ॲक्ट्रेक या संशोधन केंद्रात बाहेरच्या संशोधकांची संयुगं एसआरबी (प्रथिनं रंगवून पेशी मोजण्याच्या) पद्धतीने तपासून देण्याची सोय आहे. पेशींवर औषध ४८ तास ठेवायचं, थंड ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाने पेशी जागच्या जागी घट्ट करायच्या, ०.४ टक्के एसआरबी रंगाने प्रथिनं रंगवायची, १ टक्का ॲसेटिक आम्लाने जादा रंग धुवायचा, ट्रिसमध्ये रंग सोडवून ५४० नॅनोमीटरला वाचन घ्यायचं. एमटीटीपेक्षा (जिवंत पेशी एमटीटी या रसायनाचा जांभळा रंग करतात, त्यावरच्या चाचणीपेक्षा) ही पद्धत मला या कामासाठी बरी वाटते. करक्युमिनसारखे रेणू स्वतःच एमटीटीचं क्षपण करून जांभळा रंग आणतात, म्हणजे मेलेल्या पेशी जिवंत दिसतात; शिवाय त्यांचा स्वतःचा पिवळा रंग आणि प्रकाशणं वाचनात मिसळतं ते वेगळंच.

भारतातल्या अनेक शोधनिबंधांत १०, २०, ४०, ८० मायक्रोग्रॅम प्रति मिली अशी मात्रांची मांडणी दिसते, आणि शुद्ध संयुगाचा जीआय-५० (पेशींची वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा) दहाच्या आत आला तर ते सक्रिय. प्राथमिक चाळणीला हे ठीक आहे. हायब्रिडला नाही. आपल्या जोडणीचा रेणुभार ९३४. त्याचे १० मायक्रोग्रॅम म्हणजे १०.७ मायक्रोमोलर, अर्सोलिकचे तेवढेच वजन म्हणजे २१.९, पोडोफायलोटॉक्सिनचं २४.१. वजनात तुलना केली की हायब्रिडवर अन्याय होतो, कारण त्याचे रेणूच निम्मे पडलेले असतात. तुलना मोलरमध्येच व्हायला हवी. आणि पोडोफायलोटॉक्सिन तर नॅनोमोलर पातळीला काम करतं. सर्वांत खालची मात्राच १० मायक्रोग्रॅम असेल तर सगळ्या रकान्यांत ‘१० पेक्षा कमी’ असं येईल आणि जनक (जोडलेले मूळ रेणू) व हायब्रिड यांच्यात फरकच उरणार नाही. नमुना पाठवतानाच हजारपट खालपर्यंतच्या मात्रा मागून घ्याव्यात.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्लेटवर कोण कोण हवं. एकटा पहिला जनक, एकटा दुसरा, हायब्रिड, आणि दोन्ही जनकांचं समान मोलर मिश्रण. हा चौथा रकाना अनेक शोधनिबंधांत नसतो. तो नसेल तर जोडण्याचा खटाटोप केला कशासाठी, याचं उत्तरच मिळत नाही. हायब्रिड आणि मिश्रण सारखंच काम करत असतील तर दोन औषधं शेजारी शेजारी देणं कधीही बरं: मात्रा स्वतंत्रपणे कमीजास्त करता येतात, एकाचा त्रास झाला तर ते एकटं थांबवता येतं. पाचवा रकानाही ठेवावा, एका जनकावर फक्त ट्रायझोल आणि साधा फिनाइल. कधी कधी सगळा गुण त्या कड्याचाच असतो. आणि निरोगी पेशींची एक ओळ हवीच. कर्करोगाच्या आणि निरोगी पेशी सारख्याच मात्रेला मरत असतील तर हाती फक्त एक विष आलेलं आहे. मोठ्या मात्रांच्या खळग्यांत सूक्ष्मदर्शकाखाली एकदा नजर टाकावी: सुया किंवा कण दिसले तर रेणू विरघळलाच नव्हता.

आपल्याच उदाहरणाकडे कठोरपणे पाहिलं तर दिसतं की रसायन जमलं तरी औषधाचा विचार फसलेला आहे. हायब्रिडमध्ये दोन्ही अर्ध्यांचं प्रमाण कायम एकास एक असतं. पोडोफायलोटॉक्सिन ज्या मात्रेला पेशी मारतं, त्याच्या शेकडो पट जास्त मात्रा अर्सोलिक आम्लाला लागते. म्हणजे पहिला अर्धा काम उरकेल तेव्हा दुसरा अजून जागाही झालेला नसेल. तो पाहुणा म्हणून सोबत फिरेल आणि रेणू जड, तेलकट करेल. जोडीदार निवडताना दोघांच्या प्रभावी मात्रांतला फरक साधारण दहापटीच्या आत असावा, हा निकष मी सर्वांत वर ठेवेन. दुसरी गोष्ट, चौथ्या कार्बनवर बीटा बाजूने मोठा गट टांगला की या कुळाचा रोख ट्यूब्युलिनवरून टोपोआयसोमेरेज-२ या डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या विकराकडे वळू शकतो. इटोपोसाइड त्याच वाटेने जन्मलं. तेव्हा ‘दोन लक्ष्यांवर मारा’ असं लिहिण्यापूर्वी ट्यूब्युलिनची जुळणी आणि टोपोआयसोमेरेजची चाचणी, दोन्ही प्रत्यक्ष करून पाहायला हव्यात. डॉकिंगची (संगणकावर रेणू प्रथिनात बसवून पाहण्याची) रंगीत चित्रं त्याला पर्याय नाहीत.

मग सांधा. तो टिकाऊ हवा की तुटणारा, हे लक्ष्यावर ठरतं. दोन्ही अर्धे एकाच प्रथिनात बसणार असतील तर अमाइड, ट्रायझोल, इथर. पेशीत जाऊन वेगवेगळ्या कामाला लागायचे असतील तर एस्टर, कार्बोनेट, डायसल्फाइड. तपासणी सोपी आहे आणि तरी टाळली जाते: हायब्रिड १० मायक्रोमोलर, रक्ताच्या प्लाझ्मात, ३७ अंशांना, ०, १, २, ४, ८ आणि २४ तासांना थोडं थोडं काढून तिप्पट थंड ॲसिटोनायट्राइलमध्ये टाकायचं, प्रथिनं खाली बसवून वरचं एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) चालवायचं. हायब्रिडचं शिखर किती उरलं आणि दोन्ही जनकांची शिखरं किती वाढली, ते पाहायचं. तासाभरात अर्धं तुटत असेल तर पेशींवर जे दिसलं ते मिश्रणाचंच काम होतं. उंदराच्या प्लाझ्मात एस्टर तोडणारी विकरं माणसापेक्षा जास्त असतात, म्हणून दोन्ही प्लाझ्मांत करावं.

सांध्याबद्दलचा अंदाज किती चुकू शकतो याचं जुनं उदाहरण एस्ट्राम्युस्टिन. इस्ट्राडायोल आणि नायट्रोजन मस्टर्ड कार्बामेटने जोडले. कल्पना अशी की हार्मोन रेणूला गाठीपर्यंत नेईल आणि मस्टर्ड तिथे सुटेल. कार्बामेट अपेक्षेप्रमाणे तुटलाच नाही. औषध प्रोस्टेटच्या कर्करोगात वापरलं गेलं, पण सूक्ष्मनलिकांवरच्या भलत्याच कामामुळे.

याउलट कॅम्प्टोथेसिनच्या कुळाचं पुढे झालं ते सांध्यामुळेच. ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकान (अमेरिकेत मान्यता २०१९) आणि सॅसिटुझुमॅब गोव्हिटेकान (२०२०) या दोन्ही औषधांत अँटिबॉडीला याच कुळातला रेणू बांधलेला आहे, एका अँटिबॉडीमागे सुमारे सातआठ. पहिल्यात सांधा चार अमिनो आम्लांचा, पेशीच्या आतल्या विकरांनी तुटणारा. दुसऱ्यात पाण्याने, आम्लधर्मी जागी लवकर तुटणारा. सुटा दिला तर टिकत नव्हता, त्याच कुळातला रेणू आता स्तनाच्या कर्करोगात उपयोगी पडतो. मुंबईतल्या महाविद्यालयांत दरवर्षी ट्रायझोल आणि एस्टरची नवी नवी हायब्रिडं बनतात, त्यांच्या एनएमआरच्या पानंच्या पानं नोंदी होतात. त्यांच्या शेजारी प्लाझ्माच्या सहा वेळांचे आकडे आणि सममोलर मिश्रणाचा एक रकाना आला, तर कुठली हायब्रिडं उंदरापर्यंत न्यायची हे ठरवायला पुढच्या माणसाकडे काहीतरी असेल.